टाळूची किल्ली

आमच्या घराण्यात खालचा जबडा वरच्याच्या पुढे असतो. त्या जोरावर गावच्या नाटकात मी पंचवीस वर्षं राक्षस होतोय. रंगरंगोटी फारशी लागत नाही. लेक आठ वर्षांची झाली आणि तिच्याही तोंडातून तोच राक्षस डोकावू लागला, तेव्हा मात्र मला कौतुक वाटेना.

रत्नागिरीतल्या दातांच्या डॉक्टर माझ्या निम्म्या वयाच्या. वरचा जबडा अरुंद आहे, म्हणाल्या. हाडं वाढतायत तोवरच तो सहज रुंद करता येईल. माझं काय, असं विचारलं तर नुसत्या हसल्या. लेकीच्या टाळूला त्यांनी छोटा स्क्रू बसवला आणि दोरा बांधलेली बारीक किल्ली माझ्या हातात दिली. रोज सकाळी एकदा फिरवायची, कार्डावर खूण करायची.

बायको मालगुंडला शिक्षिका, सकाळच्या एसटीने निघून जाते. म्हणजे किल्ली माझ्याकडे. पहिल्या दिवशी लेकीने आ केला, मी बॅटरी धरली, आणि स्टेजवर गदा गरगरा फिरवणारा माझा हात लटलटू लागला. किल्ली भोकात जाईना. ती रडली. मीही जवळजवळ रडलोच. मग आम्ही दोघांनी गुपचूप ठरवलं, नुसती खूण करायची. सात दिवसांच्या सात खुणा, त्याही दोन वेगळ्या पेनांनी, अस्सल वाटाव्यात म्हणून.

आठवड्याने तपासणीला गेलो, तर डॉक्टरांनी कार्डाकडे पाहिलंच नाही. लेकीचा ओठ वर केला आणि मला जवळ बोलावलं.

"काका, स्क्रू फिरला असता तर या दोन दातांत फट पडली असती."

मी फट शोधू लागलो. अगदी वाकून, चष्मा कपाळावर चढवून. लेक आ करून माझ्याकडे बघत होती.

"हात थरथरतो हो माझा," शेवटी म्हणालो.

"मग दुसरं कोण करेल?"

दुसरं कोणी नव्हतं.

पुढच्या सकाळी लेक स्वतःच किल्ली घेऊन आली. "बाबा, तू रड हवं तर. पण फिरव." तिने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. किल्ली बसली, स्क्रू फिरला, आणि तिचे डोळे भरून आले. ते पाणी थांबवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

आता फट पडली आहे, तांदळाचा दाणा मावेल एवढी. शाळेत ती सगळ्यांना दाखवून आली. मला मात्र रोज घाम फुटतो. ती आधी माझं मनगट घट्ट धरते, हात थांबलाय का बघते, आणि मगच आ करते.