पाचवा रकाना

मंगलाबाईंना एका जागी शांत बसलेलं मी अकरा वर्षांत पाहिलं नाही. सातपूरला आमच्या कॉलनीतल्या वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर होतो आणि त्या मदतनीस. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाई कपाटाकडे निघालेल्या असायच्या. त्यांची ती लगबग माझ्या डोक्यात जायची. मी तसा तिरसट माणूस, आणि माझ्या शेजारी हे भिरभिरं.

दोन हजार चार साली वाचनालयात दोन कॉम्प्युटर आले. इंटरनेट फोनच्या लाइनवर चालायचं. नेट लावलं की फोन मुका, फोन आला की नेट तुटलं. ही नवी ब्याद सांभाळायला कोणी तयार होईना. मी तर आधीच हात वर केले होते. शेवटी कमिटीने ती खोली मंगलाबाईंच्या गळ्यात मारली आणि वर गाजर दाखवलं, हे वर्ष नीट काढा, पुढच्या वर्षी तुम्हाला कायम करू.

बाईंनी पहिल्याच दिवशी रजिस्टर सुरू केलं. वाचनालयात नोंदीशिवाय पान हलत नाही, मग इंटरनेट कसं हलेल? नाव, वेळ, काम, सही असे चार रकाने. रजिस्टर टेबलावर कायम उघडं, सोबत दोऱ्याने बांधलेलं पेन. बाई खुर्च्यांमागून सारख्या फेऱ्या घालायच्या. कॉलेजच्या पोरांनी पडद्यावर भलतंसलतं उघडलं की मागून आवाज यायचा, “हे वाचनालय आहे, बंद करा.” पोरं ऐकली नाहीत तर बाई सरळ मेन स्विच पाडायच्या.

पण लोक पासवर्ड विसरायचे, आणि विसरून बाईंवरच ओरडायचे. पेठ तालुक्यातला हिरामण नावाचा तरुण नोकरीचं पत्र बघायला दोन गाड्या बदलून आला आणि पासवर्ड आठवेना म्हणून हात हलवत परत गेला. बाईंना दिवसभर चैन पडलं नाही. संध्याकाळी त्यांनी पट्टी घेतली आणि रजिस्टरमध्ये पाचवा रकाना आखला. पासवर्ड. आपल्या वळणदार अक्षरात, देवनागरीत, ज्याच्या त्याच्या नावापुढे त्या तो विचारून लिहू लागल्या. उघड्या रजिस्टरमध्ये! मी ते पाहिलं होतं. माझ्या टेबलावर येणारी कटकट थांबली म्हणून मी गप्प बसलो. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

पुढल्या मार्चमध्ये, एका बुधवारी, तेजस्विनी रडत आली. डिप्लोमा झालेली हुशार मुलगी. पुण्याच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. कोणीतरी तिची मेल उघडून त्या कंपनीला, तिच्या सरांना, मैत्रिणींना घाणेरडा मजकूर पाठवला होता. खाली तिचं नाव. कंपनीने कळवलं होतं, तुमचा अर्ज रद्द. सरांनी घरी फोन केला होता आणि तिचा बाप धोंडीराम म्हणाला होता, आजपासून वाचनालय बंद. चुलत्यांना चुकवून ती पाच मिनिटांसाठी आली होती.

“मी कुणालाच सांगितला नव्हता हो पासवर्ड. फक्त तुम्हाला,” ती म्हणाली आणि तशीच निघून गेली.

बाईंनी रजिस्टर उघडलं. मागचं पान, पाचवा रकाना. त्या मटकन खाली बसल्या आणि लगेच उठल्या.

कमिटीचे सेक्रेटरी आले तेव्हा म्हणाले, “रजिस्टर रद्दीत घाला. पोरीनेच कुणाला तरी सांगितलं असेल. कायम व्हायचंय ना तुम्हाला?”

“अक्षर माझं आहे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी नेट तोडलं, फोन मोकळा केला आणि पुण्याच्या त्या कंपनीला लावला. चार वेळा लाइन कापली गेली. पाचव्यांदा एक बाईमाणूस भेटलं. ते म्हणालं, वाचनालयाने चूक लेखी कबूल करावी आणि मुलीने स्वतः तिच्या मेलवरून उद्या पाचच्या आत कळवावं, मग शनिवारी मुलाखतीला येऊ दे. पत्रावर सेक्रेटरींनी सही केली नाही. बाईंनी आपली केली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून फॅक्स केला.

गुरुवारी साडेतीनला धोंडीरामची कारखान्यातली पहिली पाळी सुटली. आम्ही त्याच्या घराच्या दारातच उभे होतो. मी स्कूटरवर बाईंना आणलं होतं. घरात शिरल्यावर बाई दाराकडून खिडकीकडे, खिडकीकडून दाराकडे. घड्याळात चार वाजत आले होते.

“बाई, पोरीची लय बदनामी झाली,” धोंडीराम म्हणाला. “पुन्हा तिथं पाठवनार नाय. मशिनीला दोष नाय, पोरगीच बेफिकीर हाय.”

“ती नाही भाऊ, मी,” बाईंनी रजिस्टर त्याच्या पुढ्यात उघडलं. “हे मी लिहून ठेवलं, सगळ्यांसमोर. येईल त्याने वाचलं. तिचा काही गुन्हा नाही. हवं तर पोलिसात द्या मला.”

धोंडीराम ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. लेकीचं नाव, वेळ, काम, सही. पाचव्या रकान्यात बोट थांबलं.

तिथे लिहिलं होतं, लंकाबाई.

त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“आईचं नाव ठेवलंस व्हय?” त्याने आत बघून विचारलं.

“रोज लिहायला मिळायचं, अण्णा,” तेजस्विनी दारामागून म्हणाली.

बाई रडायला लागल्या. मलाही आवरेना, पण मी घड्याळाकडे बोट दाखवलं. धोंडीराम उठला, पायात चपला सरकवल्या आणि लेकीला म्हणाला, “चल.”

माझ्या स्कूटरवर तेजस्विनी, मागे रिक्षात बाई आणि धोंडीराम. पावणेपाचला नेट लागलं. कंपनीला मेल गेली. मग बाईंनी तिला पासवर्ड बदलायची जागा दाखवली आणि आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. पुढे कमिटीने मंगलाबाईंना कायम केलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं.

धोंडीराम उंबऱ्यावर घुटमळला. आत लेक नवा शब्द काय ठेवावा म्हणून विचार करत बसली होती.

“तुला पाहिजे तो ठेव,” तो तिथूनच म्हणाला. “आन मलाबी सांगू नको.”

आणि त्याने बाहेरून दार ओढून घेतलं.