खालच्या रस्त्याने

सोलांजशी मैत्री ठेवायची तर माणसाची कातडी जाड हवी. गुडघे गेले म्हणून मी बॅटरीची सायकल घेतली, तर सगळ्या क्लबासमोर ही म्हणते कशी, "जोसियान, आता हेल्मेट पुरायचं नाही, लायसन काढ." पुढे वर्षभर मी दिसले की तोंडाने फटफटीचा आवाज. सत्तरी उलटलेली बाई, पण जिभेला म्हणून हाड नाही. मी दोनदा तिच्याशी बोलणं टाकलं आणि दोन्ही वेळा तीच कडक भाजलेला पाव घेऊन दारात उभी राहिली. माफी मात्र कधी मागितली नाही हं.

मूळची ती बोर्दो शहरातल्या बंदराजवळची, शिंप्याची मुलगी. माती बघितलेली ती कुंडीतली. एमिलियेंशी लग्न करून इथे दोन नद्यांच्या मधल्या टेकड्यांवर आली, तेव्हा गावातल्या बायकांनी पैजा लावल्या होत्या की पहिल्या छाटणीलाच ही माहेरी पळणार. एमिलियेंला दोनच नाद होते, द्राक्षं आणि सायकल. सायकल तिला येत नव्हती. त्याने ती वेलींच्या दोन ओळींमधून चालवायला शिकवली, कारण तिथली माती मऊ, पडलं तरी लागत नाही. लग्नानंतरच्या हिवाळ्यात दोघांनी वरच्या माथ्यावर काळ्या द्राक्षांची बाग लावली. तो खड्डा करायचा, ती रोप धरायची, आणि लेक सांद्रिन तेव्हा तिच्या पोटात. पुढे छाटणीला असा हात बसला तिचा की पैजा लावणाऱ्या बायकाच आपल्या सुना तिच्याकडे शिकायला पाठवायला लागल्या.

आमचा क्लब म्हणजे काय, रविवारी सकाळी चर्चसमोर जमणारी म्हातारी मंडळी. बागांमधून जाणारे बारके रस्ते, जिथे टपालाची गाडी नाहीतर एखादा ट्रॅक्टर, बाकी कोणी नाही. सगळ्यात पुढे एमिलियें आणि सगळ्यात मागे सोलांज, ही रीतच पडून गेली होती. रस्त्यात खड्डा आला की तो हात खाली करून बोटाने दाखवायचा, आणि ते बोट एकामागून एक मागे पोचत जायचं. सोलांजला चढ जमत नव्हता असं मुळीच नाही. तिला त्याची पाठ बघत चालवायला आवडायचं. हे तिनेच मला एकदा सांगितलं आणि लगेच दरडावलं, "कुठे बोललीस तर बघ." आता बोलतेय. काय करायचं ते करू दे.

मग एमिलियें विसरायला लागला. आधी चमचे कुठे ठेवतात ते, मग सख्ख्या भावाचं नाव, मग जेवलो की नाही ते. पण सायकलवर बसला की जुनाच एमिलियें. पांढऱ्या द्राक्षांची बाग संपली की डावीकडे, गुलाब लावलेल्या ओळीपाशी उजवीकडे, वरची आपली बाग आली की उतार आणि घर. खड्डा आला की बोट खाली. आम्ही मुकाट त्याच्या मागे.

नाताळात सांद्रिन तुलूझहून आली. पोरगी वाईट नाही. आईचे खोल गेलेले डोळे बघून घाबरली बिचारी. म्हणाली, "आई, नदीकाठच्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होतेय. पप्पांना तिथे ठेवू या. तू मरशील अशाने."

"दर रविवारी तो पुढे असतो आणि आम्ही सगळे त्याच्या मागून घरी येतो," सोलांज म्हणाली. "ज्याला घरचा रस्ता सापडतो, त्याला घरातून काढायचं होय गं?"

"बरं. मग ज्या दिवशी पप्पा रस्ता चुकतील, त्या दिवशी तू स्वतः मला फोन करायचा. कबूल?"

"कबूल," सोलांज म्हणाली. मी तिथेच बसले होते. एकदा शब्द दिला की ही बाई फिरवत नाही, म्हणून मला तेव्हाच धसका बसला.

आमच्या तांबड्या वाइनला आता गिऱ्हाईक नाही. निम्म्या टेकड्यांवरच्या बागा काढून झाल्यात. माथ्यावरची बाग गावातल्या ज्या पोराला कसायला दिली होती, तो हात जोडून म्हणाला, मला परवडत नाही, काढून टाकू या. सोलांजने सही केली. फेब्रुवारीत मशीन आलं आणि सकाळच्या सकाळी सगळे खुंट उपटून मोकळं झालं. ती बघायला गेली नाही. खुंट पेटवले त्याचा धूर स्वयंपाकघरातून दिसत होता, तर तिने खिडकीची झडप लावून घेतली. एमिलियेंला काही म्हणजे काही सांगितलं नाही.

पण रविवारचा रस्ता जायचा माथ्यावरूनच. ती आमच्या क्लबाच्या प्रमुखाकडे, जिल्बेरकडे गेली. जिल्बेर जुना पोस्टमन, त्याला रस्त्यांतलं कळतं. तो म्हणाला, "अगं, त्याला तोच रस्ता पाठ आहे. नवीन रस्ता दिलास तर घोळात पडेल तो."

"पडू दे. त्याने ती जागा बघितली तर तिथेच कोसळेल. खालच्या रस्त्याने चला."

सोलांजपुढे कोणाचं काय चाललंय? आम्ही माना डोलावल्या.

मार्च असाच गेला आणि एप्रिलही लागला. आम्ही ओढ्याच्या काठाने जायचो. फाट्यावर जिल्बेर ओरडायचा, "उजवीकडे!" एमिलियें शहाण्या मुलासारखा वळायचा, पण मग जरा जरा वेळाने मागे वळून बघायचा. पूर्वी कधी बघत नसे.

त्या रविवारी जुन्या धुण्याच्या घाटापाशी सोलांजचं चाक पंक्चर झालं. आम्ही थांबलो. जिल्बेरने बायकोचा अक्रोडाचा केक काढला, कॉफी ओतली. सोलांज ट्यूब काढण्यात गुंतलेली, हात काळेकुट्ट. मान वर केली तर एमिलियें नाही आणि त्याची सायकलही नाही.

जिल्बेर पांढराफटक पडला, पण आधी त्याला सुचलं ते काय? "सांद्रिनला कोणी कळवू नका. आपण शोधू. आपल्या आपल्यात राहील."

सोलांजने त्याच्याकडे बघितलंही नाही. माझी सायकल ओढली. "हे कसं चालवतात?"

"बटण दाब! हिरवं!"

आणि निघाली की सुसाट चढाला. एरवी मी म्हटलं असतं, लायसन आहे का गं. मी जिल्बेरची सायकल घेतली. ती माझ्यापेक्षा उंच, त्यामुळे निम्मा चढ नुसती ढकलत, धापा टाकत वर पोचले.

माथ्यावर काही नव्हतं. नुसती उघडी माती, कडेला गुंडाळलेल्या तारा आणि जळून उरलेले काळे बुंधे. इतकं मोकळं मी तिथे कधीच बघितलं नव्हतं. एमिलियें मधोमध उभा होता. शांत. सायकल नीट बांधाला टेकवून ठेवलेली. सोलांज त्याच्यापासून दोन हातांवर, छाती नुसती भात्यासारखी हलतेय.

"दमलात बाई तुम्ही," तो तिला म्हणाला. "हा चढ वाईटच आहे."

"एमिलियें, घरी चल."

"निघालोच. तुम्ही क्लबातल्या ना? अंगात तोच टी-शर्ट दिसतोय. मग माझं एक काम कराल?" त्याने टाचेने माती जरा उकरली. "बाग काढली बघा आमची. मला त्याचं काही नाही. वेली म्हाताऱ्या झाल्या की काढाव्याच लागतात. पण माझी बायको मागून येतेय. सोलांज नाव तिचं. तिला इकडून आणू नका."

सोलांजने मागे वळून चढाच्या रस्त्याकडे बघितलं.

"ही बाग आम्ही दोघांनी लावली होती हो. तिला नाही बघवणार. बोलायला तिखट आहे, पण आतून तशी नाही ती. तिला खालच्या रस्त्याने न्या. न्याल ना?"

"नेते," सोलांज म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी तोंड फिरवून उभी राहिले. तो उतारावर पुढे निघाला तेव्हा मी तिला दंडाला धरून थांबवलं.

"हे बघ, सांद्रिनला काही सांगायचं कारण नाही. चुकला कुठे तो? आपल्याच बागेत आला. आपण रस्ता बदलला, तरी पठ्ठ्याने बरोब्बर शोधून काढला."

"रस्ता नाहीच चुकला तो," सोलांज म्हणाली. "पण त्याची बायको अजून मागून येतेय, जोसियान. मग घरी मी कोण? रात्री त्याचे कपडे बदलायला गेले तर कोणा परक्या बाईला हात लावू देईल तो?"

खाली वळणावर एमिलियेंने डावा हात खाली करून खड्डा दाखवला आणि पुढे गेला. सोलांजने काळे हात सायकलच्या चड्डीला पुसले आणि तिथेच उभ्या उभ्या लेकीला फोन लावला.