चमचाभर विरजण

सकाळी फ्रीज उघडला, तर माझ्या वाडग्यातल्या दह्याला एक खळगा पडलेला. वरच्या गुळगुळीत सायीत चमच्याएवढी पोकळी आणि तिच्यात साचलेलं निवळ पाणी.

या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो. फ्रीजचा एकेक कप्पा एकेकीचा, दुधाची पिशवी जिची तिची, चहाही आपापला. भांडण कधीच होत नाही. भांडायला तरी दुसरीच्या वस्तूला हात लागावा लागतो.

आधी कपाळाला आठी पडली. मग ते वाडगं घेऊन मी खिडकीशी उभीच राहिले. खळग्यातलं पाणी कोवळ्या उन्हात हलत होतं. वाटलं, इतक्या महिन्यांत कुणीतरी माझ्यापर्यंत आलं, चमच्याएवढं का होईना.

तेवढ्यात रेवती आंघोळ करून बाहेर आली.

"अगं, तुझ्यातलं विरजण घेतलं काल. चालेल ना?"

"चालेल की."

आणखी काही सुचेपर्यंत तिच्या खोलीची कडी लागली होती.

ऑफिसात दिवसभर तेच डोळ्यांपुढे येत राहिलं. आम्ही आपापल्या दारांआड झोपलो असताना माझं चमचाभर दही तिच्या कोमट दुधात हळूहळू पसरत गेलं असेल. आता त्यातलं माझं कुठलं आणि तिचं कुठलं, कुणालाच सांगता यायचं नाही.

संध्याकाळी घरी आले. माझ्या वाडग्यात दही भरपूर होतं. तरी रिकामी वाटी घेऊन मी तिचं दार वाजवलं.

"रेवती, थोडं विरजण देतेस?"