माझं तोंड, ह्यांचा आवाज

मी आमच्या भीमेकाठच्या गावची सरपंच. जागा महिला राखीव निघाली म्हणून मला उभं केलं आणि निवडून आल्यावर सगळा कारभार आमच्या ह्यांनी हातात घेतला. सही तेवढी माझी. ह्यात नवल काही नाही, आसपासच्या चार गावांत बघा, हेच आहे.

तालुक्याच्या साहेबांची मीटिंग मोबाईलवर असायची. सरपंच स्वतः दिसला पाहिजे असा त्यांचा हुकूम. म्हणून मी पदर घेऊन मोबाईलपुढं बसायची आणि हे शेजारी, कॅमेऱ्यात न येता बोलायचे. चाळीस चौकटींत माझं तोंड नखाएवढं. बाईच्या चौकटीतून बाप्याचा आवाज येतोय हे सगळ्यांना कळायचं, पण निम्म्या चौकटींची तीच गत. मग बोलणार कोण?

पुढं त्यात नवीन सोय आली. जो बोलेल तो आपोआप पडद्यावर मोठा. साहेबांनी ती सगळ्यांसाठी चालू केली. त्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या विषयावर ह्यांनी तोंड उघडलं आणि पडदाभर मी. नाकातल्या चमकीसकट, ओठ मिटलेले, आणि आतनं घोगरा आवाज चाललाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीटिंग संपल्यावर हे म्हणाले, "ओठ हलवत जा की जरा. एवढं बी जमंना व्हय?"

हलवले. तीन मीटिंगा हलवले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, माझा तर तोंड उघडं ठेवून चालला होता.

चौथ्या मीटिंगला आमच्या शाळेचा विषय निघाला. पट कमी, म्हणून पाचवीपासूनचे वर्ग पुढच्या गावात न्यायचे. चार किलोमीटर, दोन्हीकडं ऊस, त्यात बिबट्या. पोरं सायकलीवर जातील, पोरींना कोण सोडतंय? थोरल्या जावेची पोर तेव्हा चौथीत, वर्गात पहिली. आदल्या दिवशी मी ह्यांना म्हणाले होते, "अवो, हरकत घ्या." तर म्हणे, "सायबाशी वाकडं घिऊन रस्त्याचं काम अडकवू का?"

साहेबांनी विचारलं, "सरपंच, काही हरकत?"

"न्हाई साहेब, आमची काय हरकत न्हाई," हे बोलले. पडदाभर मी. ह्या वेळी माझे ओठ हललेच नाहीत.

साहेबांनी ते हेरलं. माणूस बरा होता. म्हणाले, "ताई, तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा. आम्ही थांबतो."

सगळा तालुका माझ्या तोंडाकडं बघत होता. ह्यांनी डोळे वटारले नाहीत, हात दाबला नाही. नुसते मोबाईलकडं बघत बसले. मी काय बोलणार ह्याची त्यांना खात्रीच होती, आणि मला अजून राग येतो तो त्याचाच.

"हरकत नाही, साहेब," मी म्हणाले.

सरपंच झाल्यापासून मीटिंगमध्ये मी बोललेलं ते पहिलं वाक्य. पोर जूनपासून घरीच आहे. जाऊ ह्यांच्याशी पहिल्यासारखीच बोलते. माझ्याशी बोलत नाही.