स्लॅब होऊ दे, मंग

गिरिजाबाईचा हात जड. टोळीतल्या गड्यांनी त्याचा मार खाल्ला होता, पण सगळ्यांत जास्त खाल्ला तो तिच्या लेकीनं. लग्नानंतर वर्षातच भावना टेंभुर्णीचं सासर सोडून जालन्याला आईकडं पळून आली, तेव्हा गिरिजाबाईनं दारातच चप्पल काढून तिला बडवली अन् आल्या पावली माघारी धाडली. पुढं जावई भुजंगच बायकोला घेऊन जालन्यात आला आणि सासूच्या टोळीत व्हायब्रेटर धरायला लागला. तेव्हापासून तो रोज समोर असायचा, आणि भावनाच्या अंगावरचे वळही.

टोळी स्लॅबची. मिक्सरमध्ये वाळू, खडी, सिमेंट घोळायचं, तो ओला माल घमेल्या-घमेल्यानं वर पोचवायचा, अन् व्हायब्रेटरची थरथरती नळी बुडवून तो सळयांत नीट बसवायचा. एकदा सुरू झालेला स्लॅब थांबवायचा नाही, हा टोळीचा कायदा. ओल्यावर ओलंच पडलं पाहिजे. मधेच सुकलं तर छत तिथूनच फाटतं. म्हणून जेवण उभ्यानं, अन् भांडण खाली उतरल्यावर.

हा कायदा गिरिजाबाईनं पोटावर झेलला होता. तरुणपणी नवऱ्यानं, देवानंदनं, भर स्लॅबवर तिच्या पोटात लाथ घातली. ती गरवार होती. लुगड्यावरून रक्त पायांपर्यंत आलं, पण तिनं घमेलं सोडलं नाही. पोटातलं गेलं, स्लॅब पुरा झाला. संध्याकाळी म्हातारा मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "ही बाई न्हाई, लोखंड हाये." देवानंद दारूनं मेला, म्हाताऱ्यानं टोळी तिच्या हाती दिली, आणि गिरिजाचा स्लॅब थांबत न्हाई, असं ठेकेदार एकमेकांना सांगू लागले. लेकीची कुठलीही तक्रार आली की तिचं उत्तर ठरलेलं.

"स्लॅब होऊ दे, मंग बघू."

जुन्या जालन्यात शाळेची नवी इमारत उभी राहत होती. तयार काँक्रीटची गाडी त्या गल्लीत शिरेना, म्हणून काम टोळीकडं आलं. इंजिनियर शरयू मॅडम जालन्याच्याच. सगळा भार खांब-तुळयांवर घेऊन भिंती हलक्या ठोकळ्यांच्या करायच्या, म्हणजे वर्ग ऐसपैस होतील, असा त्यांचा आराखडा. आज वरच्या मजल्याचं छत होतं.

सकाळी मिक्सर सुरू होण्याआधी भावना आईजवळ आली. "आई, तेनं पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलंय. काम झालं की हिथूनच नेणार हाये मला."

"मंग?"

"तिथं कोण हाये माझं? मारून टाकील अन् तुला कळायचं बी न्हाई."

गिरिजाबाईनं पदर खोचला. "स्लॅब होऊ दे, मंग बघू."

"स्लॅब झाल्यावर मी गाडीत आसंन," भावना म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

काम जल्दी पुढं सरकत होतं. टोळीतली नंदाबाई नेहमीसारखी टवाळी करत होती, "भुजंगराव, त्या नळीसारखं कधी घरात बी हाला की, नुसतं बसून पिता." बाया हसल्या. भावनाही हसली. भुजंगनं ते तेवढं बघितलं.

पुढच्या फेरीला तिच्या घमेल्यातला माल त्याच्या पायावर सांडला. त्यानं उलट्या हातानं तिच्या तोंडात हाणली. ती सळयांच्या जाळीवर पडली, ओठ सळईवर चिरला गेला. त्यानं केस धरून तिला उठवलं, परत जाळीवर आपटलं आणि सासूकडं बघून म्हणाला, "काय बघून राह्यली? तुझा स्लॅब थांबंल."

त्याला पक्कं ठाऊक होतं, ही बाई आता हलणार नाही.

भावना उठली. तोंडातलं रक्त थुंकली. वाकून रिकामं घमेलं उचललं अन् मालासाठी पुढं केलं.

ते बघून गिरिजाबाईच्या पोटात जुनी लाथ बसली.

"मिक्सर बंद कर," ती खाली ओरडली. मिक्सरवाल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बंद कर म्हणते ना."

फावडं घेऊन ती ओल्या मालातूनच चालत गेली. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा नडगीवर. भुजंगनं डाव्या हातानं तिचा गळा धरला आणि तिला मागं रेटत नेलं, जिथं छत संपतं अन् कठडा नाही. तिची टाच हवेत गेली. तेवढ्यात नंदाबाईचं घमेलं त्याच्या कानफटात बसलं, मग बाकीच्या बायांची. तो आडवा झाला तरी गिरिजाबाई मारतच होती. शेवटी भावनानंच तिचं फावडं धरलं.

शरयू मॅडम धापा टाकत वर आल्या. पोलिसांना फोन लावला, आणि लगेच सेंट्रिंगवाल्यांना हाक मारली, "फळ्या आणा. माल इथपर्यंत ओढून घ्या, दोन तुळयांच्या मधोमध. इथं फळी उभी ठोका."

गिरिजाबाई खाली बसली होती. गळ्यावर बोटांचे व्रण उठत होते. "म्याडम, छत वाया गेलं माझ्यामुळं."

"वाया कशानं? ह्या फळीला थांबवायचं. उद्या कड खरवडायची, धुवायची, सिमेंटचं पाणी मारायचं आणि पुढं चालू करायचं."

"आसं थांबवता येतं?"

"येतं की, बाई. पुष्कळदा थांबवतात."

"मला कुणी सांगितलं न्हाई," गिरिजाबाई म्हणाली. ती त्या उभ्या फळीकडं बघत बसली. एक हात पोटावर होता.

पोलीस भुजंगला आधी दवाखान्यात घेऊन गेले. गिरिजाबाईलाही ठाण्यात बसवलं; विचारलं ते सगळं तिनं सरळ सांगितलं, फावडंसुद्धा दाखवलं. पुण्याची गाडी गेली. भावना आईसोबत ठाण्याच्या बाकावर होती, ओठाला टाके. रात्री उशिरा नोटीस देऊन पोलिसांनी गिरिजाबाईला सोडलं.

दुसऱ्या दिवशी फळी काढली. कड खरवडायला गिरिजाबाई स्वतः बसली. भावनानं छिन्नी धरली, आईनं हातोडा. काँक्रीटच्या कपच्या उडायला लागल्या. गिरिजाबाईचे घाव हळूहळू वाढत गेले, दात आवळले गेले.

टाक्यांमुळं भावनाला तोंड पुरतं उघडता येत नव्हतं. "हळू मार, आई," ती म्हणाली. "माझा हात हाये."

गिरिजाबाई थांबली. लेकीच्या हाताकडं बघितलं, आणि मग हातोड्याचा दांडा वर, लोखंडापाशी धरून हलकं हलकं ठोकायला लागली.