बाकांची उंची

नेसरीजवळच्या एका मळ्यात उभी असलेली शाळेची जुनी बस गेल्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी कापण्यात आली. गॅस कटरनं आधी टप उतरवला, मग बाजूचे पत्रे. दुपारी चासी तेवढी उरली होती आणि संध्याकाळी तीही ट्रकवर चढली. या बसची बॉडी उचगावातल्या एका कारखान्यात बांधलेली होती. त्या कारखान्याची दुसरी गाडी मला अजून सापडलेली नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मोठ्या कंपनीकडून चासी यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि उघड्यावरचं स्टिअरिंग. ती चालवत आणणारा ड्रायव्हर डोक्याला टॉवेल गुंडाळून, वाऱ्याला तोंड देत कोल्हापुरात शिरायचा. मग उचगावचे सुतार तिच्यावर लाकडी सांगाडा उभा करायचे, पत्रा ठोकायचे, बाकं बसवायचे. इथं फक्त शाळांच्या गाड्या होत. मालकानं एकाही गाडीवर आपलं नाव घातलं नाही. पुढच्या जाळीवर चासीच्या कंपनीचं नाव असे, बाजूला शाळेचं. त्यामुळे या कारखान्याचा इतिहास लिहायला बसलो तेव्हा हाताशी काहीच नव्हतं. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली पाहिल्या, शाळांमध्ये विचारलं. गाड्या आठवत होत्या. त्या कुणी बांधल्या, हे कुणाला सांगता येईना.

पहिला दुवा एका म्हाताऱ्या पेंटरचा. तो त्या कारखान्यात अक्षरं काढायचा. त्याची आठवण धुक्यातल्या रस्त्यासारखी होती, मधेच स्वच्छ आणि मधेच काही नाही. गाड्यांचा रंग त्यानं आधी पिवळा सांगितला, चहा आल्यावर निळा. एका गोष्टीवर मात्र तो दरवेळी ठाम राहिला. कारखान्यातनं बाहेर पडलेल्या शेवटच्या गाडीला मागं दार होतं. आधीच्या एकाही गाडीला नव्हतं. शाळेनं मागून घेतलं म्हणून केलं. त्या दारावर ‘संकटकालीन मार्ग’ लिहिताना त्याचा अंदाज चुकला, जागा संपली आणि ‘मार्ग’ खाली, एका कोपऱ्यात गेला.

“मालक म्हणाले, असू दे. संकटात कोण वाचत बसतंय,” तो म्हणाला आणि बराच वेळ हसला.

मालकांची मुलगी गडमुडशिंगीला दिली आहे, हेही त्यानंच सांगितलं.

तिला घरात आणि गल्लीत सगळे आक्का म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं. दारात दोन म्हशी, सोप्यात दुधाच्या कॅन. मी कशासाठी आलो ते सांगितल्यावर तिनं आधी पाणी दिलं, मग म्हशींना वैरण टाकली, मग समोर बसली. पहिला प्रश्न तिनं विचारला.

“आमची एकांदी गाडी शिल्लक हाय का कुठं?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

पुढच्या काही भेटींत तिनं जे सांगितलं ते असं. कारखान्यात खंडेनवमीला काम बंद असे. करवती, रंधे, हातोडे धुऊन पुसून मांडले जात, त्यांना गंध-फुलं वाहिली जात. पूजा झाली की मालक आपल्या मुलीला शेडच्या चौकटीला पाठ लावून उभं करत आणि तिच्या गुडघ्याच्या मागच्या वळीशी लाकडावर पटाशीनं एक खाच मारत. पुढच्या दसऱ्यापर्यंत बनणाऱ्या सगळ्या बाकांची उंची ती. पहिल्या वर्षी ती पाच वर्षांची होती, पहिलीच्या वर्गातल्या कुठल्याही मुलीएवढी. बाकं चांगली झाली. मुलांचे पाय जमिनीला टेकत.

पण मुलगी वाढत होती. खाच दर खंडेनवमीला वर सरकत गेली आणि तिच्या मागोमाग बाकंही. मेस्त्री तिला चिडवायचे, आक्का, जरा कमी खात जा, बाकांच्या पायांना पाइप पुरंना आमाला. शाळांत दर जूनला पुन्हा तेवढ्याच उंचीची मुलं येत होती, हे बापाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी त्यानं मनावर घेतलं नाही. लहान मुलांचे पाय लोंबकळू लागले, ब्रेक लागला की ती बाकावरून घसरू लागली. शाळेची माणसं सांगायला आली तेव्हा तो म्हणाला, “वाढत्यात की पोरं.” आक्का तिथंच उभी होती.

कारखान्याच्या सातव्या वर्षी खंडेनवमीला तिला कुणी बोलावलं नाही. ती नवं परकर-पोलकं घालून घरी बसून राहिली. शेडमधून घंटेचा आवाज आला, नंतर प्रसाद आला. त्यानंतर कारखान्यातून एकच गाडी निघाली आणि शेडला कुलूप लागलं. तिची आत्या पुढं कितीतरी वर्षं, पाहुण्यारावळ्यांत हसत हसत म्हणायची, पोरगी वाढली आणि कारखाना बसला.

वडील या विषयावर कधी बोलले नाहीत. तिनंही विचारलं नाही.

“माझ्यावर राग हुता त्यांचा,” आक्का म्हणाली. “न्हायतर बोलवलं असतं की.”

कारखाना का बंद पडला याचं कारण मला तीन जणांनी तीन वेगवेगळं सांगितलं. पेंटरच्या मते मालकांना दम्यानं धरलं. त्यांच्या शेजारच्या एका व्यापाऱ्याच्या मते कंपन्या तयार बॉड्या विकू लागल्या. तिसरं कारण आत्याचं, आक्काच्या तोंडून आलेलं. एकालाही दुजोरा मिळाला नाही.

शेड अजून आहे. आता तिथं सिमेंट आणि पाइपांचं गोदाम आहे. चौकट जुनीच, सागवानी, तिच्यावर ऑइलपेंटचे थर चढलेले. खाली वाकून बोट फिरवलं तेव्हा रंगाखाली खाचा लागल्या. एकूण सहा. सगळ्यांत खालची माझ्या नडगीच्या मध्यावर येत होती. दुपारची वेळ होती, गोदामात कुणी नव्हतं, सिमेंटची धूळ उन्हाच्या पट्ट्यात वर जात होती आणि खाली येत नव्हती. बराच वेळ मी तिथं उकिडवा बसून होतो. बाहेरून एक खरीखुरी शाळेची बस गेली, तिच्यातल्या मुलांचा गलका आला आणि विरून गेला. तो रस्त्यावरून आला की शेडमधून, हे क्षणभर कळलं नाही.

नेसरीच्या बसची खबर दुधाच्या गाडीवरून आली. आक्कानं संकलन केंद्रावर सांगून ठेवलं होतं, तिथून ती टँकरच्या ड्रायव्हरांत फिरली. एका शेतकऱ्यानं फार वर्षांपूर्वी शाळेची मोडकी गाडी मळ्यात आणून ठेवली होती, वैरणीला. आता तिथं गोठा बांधायचा होता. भंगारवाला शुक्रवारी येणार होता. आम्ही गुरुवारी पहाटे भाड्याच्या गाडीनं निघालो.

 गडहिंग्लजच्या पुढं धुकं इतकं दाट होतं की ड्रायव्हरनं काच खाली करून डोकं बाहेर काढलं. कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं. गुळाचा वास गाडीत आला आणि बसून राहिला. मळ्यापाशी उतरलो तेव्हा आधी काहीच दिसलं नाही. मग धुक्यात खिडक्यांची एक रांग दिसली, जमिनीपासून अधांतरी. चाकं नव्हतीच, बस दगडांवर ठेवलेली होती आणि गवत तिच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. खालचा रंग पिवळा होता, वरचा निळा.

शेतकऱ्यानं कडब्याच्या पेंढ्या उचलून वाट करून दिली. आत पुढची चार बाकं जागेवर होती. एकावर कोंबडी बसली होती, ती उठली नाही. काचा हिरव्यागार झाल्या होत्या आणि आतला उजेड विहिरीच्या तळाशी असावा तसा होता. आक्का दांड्याला धरून एक एक पायरी चढली. उभी राहून तिनं टपाकडं पाहिलं, लाकडी कमानींवरून हात फिरवला, वास घेतला. मग पुढच्या बाकावर बसली.

ती बसली आणि तिचे गुडघे वर आले, जवळजवळ छातीपर्यंत. लहान मुलांच्या खुर्चीत मोठं माणूस बसतं तसे.

“ही आमची न्हवं,” ती म्हणाली.

शेतकरी म्हणाला, आक्का, आता येवढ्या लांबनं आलायसा तर नीट तरी बगा. ती म्हणाली, बघायचं काय त्यात, शेवटच्या गाड्यांची बाकं माझ्या पायाएवढी हुती, ही तर बारक्या पोरांची हाईत. मी म्हणालो, सुरुवातीची एखादी गाडी असेल. तिनं मान हलवली. पहिल्या वर्षीची गाडी एकच होती, ती घाटात दरीत कोसळली. पुढच्या वर्षांची बाकं याहून उंच. तिला ती सगळी पायांनी पाठ होती.

मी खाली उतरून मागच्या बाजूला गेलो. तिथं दार होतं. वर वेल चढला होता आणि गंजानं पत्रा भाकरीसारखा पापुद्र्यांनी सुटला होता. ओल्या फडक्यानं पुसत गेल्यावर आधी अनुस्वार दिसला, मग ‘संकटकालीन’. पुढं जागा नव्हती. ‘मार्ग’ खाली होता, डाव्या कोपऱ्यात.

आक्काला बोलावलं. ती आली, तिनं वाचलं आणि ‘मार्ग’वरून बोट फिरवलं. धुकं आता उसाच्या शेंड्यांपर्यंत उतरलं होतं.

एक शक्यता उरत होती. शाळेनं नंतर पाय कापून बाकं बुटकी करून घेतली असतील. शेतकऱ्यानं आणि मी एक बाक उखडून पालथं केलं. चारी पाय अखंड पाइपाचे होते. कुठं वेल्डिंग नव्हतं, जोड नव्हता. खालच्या पट्ट्या मूळच्या, रिव्हेटही मूळचे, आणि त्यांच्यावर तोच पिवळा रंग, न तुटलेला. बाकं याच उंचीची बनवली गेली होती.

“म्हंजे शेवटच्या वर्षी त्यांनी माप कुणाचं घेतलं?” आक्कानं विचारलं.

 शेतकरी म्हणाला, कुणा दुसऱ्या पोरीचं घेतलं असंल. आक्का म्हणाली, दुसरी पोरगी नव्हती. मी एकटीच.

मग ती पुन्हा आत जाऊन बसली. आम्ही बाहेर थांबलो. हिरव्या काचेतून तिचं डोकं आणि पदर तेवढा दिसत होता, आणि धुकं सरकत असल्यामुळे बस चालल्यासारखी वाटत होती. कोंबडी खाली उतरली. उन्हं आली तेव्हा आक्काही उतरली आणि शेतकऱ्याला म्हणाली की पालथं केलेलं बाक मला द्या.

“न्या की,” तो म्हणाला. “पर बसणार कोण हेच्यावर?”

“कुणी न्हाय बसणार. मोजायचं हाय.”

शुक्रवारी बस कापली. शनिवारी सकाळी आम्ही बाक घेऊन उचगावला गेलो. गोदामाच्या हमालांनी दारातली सिमेंटची पोती हलवून जागा करून दिली. चौकटीजवळची शहाबादी फरशी जुनीच होती. मी टेप काढला. आक्का म्हणाली, ठेवा ते खिशात. आम्ही बाक उचलून चौकटीला टेकवून ठेवलं. ती चवड्यांवर खाली बसली आणि नखानं ऑइलपेंट खरवडू लागली. आधी निळा निघाला, मग राखाडी, मग लाकूड.

बाकाची कड सगळ्यांत खालच्या खाचेला लागली.