पडद्यावरचा लाल रंग

भिलाईजवळच्या चरोद्याच्या स्टेशनवरचा पूल चढताना बाबा मध्येच थांबायला लागले होते. कठड्याला हात टेकायचे आणि खाली यार्डात उभ्या असलेल्या मालगाड्यांकडे बघत राहायचे. "गाड्या पाहून राहिलो," म्हणायचे. रेल्वे कॉलनीतल्या मावशीकडे जाताना हे दोनदा झालं आणि मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि हृदयाचा इको करायला सांगितलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पुलगावजवळच्या खेड्यातून बाबा पोलादाच्या प्लांटमधल्या नोकरीसाठी भिलाईत आले, आणि रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधल्या त्यांच्या पगारावर मी बी.एस्सी. झाले. तेव्हापासून इंग्रजीत लिहिलेला कुठलाही कागद घरात आला की तो आधी माझ्या हातात येतो. इकोची चिठ्ठीही आली. मी माहिती काढली आणि आदल्या दिवशी बाबांना समोर बसवून समजावलं. सुई टोचत नाहीत. उपाशी राहायची गरज नाही. रोजच्या गोळ्या घ्यायच्या. समोर बटणं असलेला शर्ट घालायचा. एक्स-रेसारखे किरण नसतात. कानाला ऐकू येणार नाही असा बारीक आवाज छातीत पाठवतात, तो आत आदळून परत येतो आणि त्याचं चित्र पडद्यावर दिसतं.

"हे मले नको शिकवू," बाबा हसले. "अल्ट्रासोनिकच ना? आमच्या इथं रूळ तपासत होते त्याच्यानं. उभी जिंदगी तेच तं पाहिलं."

मला हायसं वाटलं. आता जास्त बोलायला नको, असं वाटून मी चिठ्ठी पिशवीत ठेवली.

इकोची खोली थंड होती आणि पडदे ओढलेले. डॉक्टरीणबाई स्वतःच तपासणी करणार होत्या. रायपूरच्या, बोलणं हिंदीत, हात चपळ. बाबांनी शर्ट काढला. छातीवर तीन तारा चिकटवल्या. डाव्या कुशीवर वळायचं आणि डावा हात डोक्याखाली घ्यायचा, म्हणजे हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं. मग गार जेल. बाबा जरा शहारले. बाई मशीनचं ते मुठीएवढं टोक फासळ्यांच्या मधल्या जागेत दाबून धरत होत्या. दुखत नव्हतं, पण दाब कळत होता. "सांस छोड़ो काका, अब रोको," असं त्या मधून मधून सांगत. "सांस कब फूलती है?" त्यांनी विचारलं.

"कभी-कभी," बाबा म्हणाले.

पडद्यावर करड्या रंगात झडपा उघडत मिटत होत्या. मी कौतुकानं पाहत होते. मग बाईंनी एक बटण दाबलं आणि त्या करड्या चित्रात लाल आणि निळे रंग उसळले. पाठोपाठ आवाज आला, फस्, फस्, पाण्याच्या पंपासारखा. बाबांनी मान वळवून पडदा पाहिला.

जेल पुसून झालं. बाईंनी बाहेर बसायला सांगितलं. रिपोर्ट तयार झाला की त्याच बोलावणार होत्या. बाबा बाकावर बसले नाहीत. थेट जिन्याकडे निघाले.

"बाबा, कुठं चालले?"

"घरी. चाल."

"अजून रिपोर्ट व्हायचा हाय."

"रिपोर्टात काय लिवलं हाय ते मले समजलं. आता दवाईत पैसे नको घालू. पैसे तुह्या आईच्या कामी येतील."

मी त्यांचा हात धरला. "कावून असं बोलून राहिले तुमी?"

जिन्याच्या कठड्याला टेकून त्यांनी सांगितलं. रुळाच्या आत आवाज सोडतात. रूळ चांगला असला तर तो सरळ तळापर्यंत जाऊन येतो. मध्येच कुठून परत आला की समजायचं, आत चीर आहे. मग त्या जागी लाल रंग मारायचा, आणि तेवढा रूळ कापून वेगळा काढायचा. "इथं तं जागोजागी परत येऊन राहिला होता," ते म्हणाले. "आन् लाल तं तू बी पाहिलं. स्क्रॅपले कोणी दवाई देते का?"

रंग कशाचे, ते मी वाचलंच नव्हतं. त्यांना बाकावर बसवलं, "मी येतपर्यंत हलू नका," म्हटलं आणि परत आत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी बाबांना आत बोलावलं, पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि साठवलेलं चित्र पुन्हा लावलं.

"काका, लाल मतलब खून मेरी मशीन की तरफ आ रहा है। नीला मतलब दूर जा रहा है। ये खराबी का रंग नहीं है।"

बाबा पडद्याकडे बघत राहिले. "पर बीच से आवाज लौटी न?"

"रेल ठोस लोहा है। दिल में दीवारें हैं, वाल्व हैं। सबसे लौटेगी। नहीं लौटी तो मैं देखूँगी क्या?"

"मतलब अच्छे आदमी का भी लाल दिखता है?"

"मेरा भी। इस बच्ची का भी।"

मग बाईंनी खरं काय सापडलं ते सांगितलं. एक झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे येतं. या वयात पुष्कळांचं असं असतं. हृदयाचा जोर काहीसा कमी झाला आहे. गोळ्या नियमित घ्यायच्या, मीठ कमी, आणि काही महिन्यांनी पुन्हा इको. "संभल जाएगा," त्या म्हणाल्या. "पर मशीन सब नहीं बताती। तकलीफ कब होती है, वो आपको बताना पड़ेगा।"

बाबा खुर्चीवर बसले. त्यांनी पायांतल्या चपलांकडे बोट केलं. मग बोलू लागले. बुटाची लेस बांधायला वाकलं की दम लागतो, म्हणून चप्पल घालतो. संध्याकाळी पाय सुजतात. कुरुदच्या बाजारात सायकलनं जायचो, ते बंद केलं. घरी सांगितलं, सायकल खराब आहे. आडवं झोपलं की छाती भरून येते, म्हणून टीव्हीसमोरच्या खुर्चीतच झोपतो.

ती सायकल व्हरांड्यात उभी होती. मी तिला रोज बाजूला सारून घरात शिरत असे. टीव्हीसमोर झोपतात म्हणून आई त्यांना रोज टोमणे मारायची आणि मी हसायचे.

बाई लिहीत होत्या. त्यांनी पेन थांबवलं. "ये सब घर में किसी को बताया था?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"अभी बताया न," ते म्हणाले.